खाल्लेली दरड

ही तांबडी दरड नीट बघा. कमरेच्या उंचीवर हा जो खोलगा दिसतोय ना, तो पावसानं पाडलेला नाही. पाणी असं बोटाबोटानं कोरत नसतं. फोटो खुशाल काढा, पण हात लावू नका, आणि आधी जरा टेका. एवढं चढून दम लागला असेल. भिवरालाही लागायचा म्हणे, आणि ती तर उतारवयात हा चढ रोज चढायची.

भिवरा या सात वाड्यांची सुईण. किती पिढ्यांमागची, ते आता कुणाला ठाऊक नाही. हाताला गुण होता, असं सांगतात. तिच्या सासूनं तिला एक गोष्ट शिकवली होती आणि तीच ती घरोघर सांगायची: सातवा लागला की पोरीला अर्धपोटी ठेवा, पोटभर खाल्लं तर मूल मोठं होतं आणि अडतं. लोकांना हे लगेच पटलं. सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या सुनेचं ताट आणखी हलकं करायला कुणाचं काय जातंय!

मुलं लहान व्हायची, सुटकाही लवकर व्हायची. पण बाया हातातून निसटायच्या. रक्त थांबायचं नाही. भिवरा त्यांचे डोळे मिटायची, त्यांच्या नशिबाला बोल लावायची आणि पुढच्या वाडीची वाट धरायची. हे करून करून ती पार थकून गेली होती.

मग तिच्याच सुनेला दिवस गेले. सगुणा तिचं नाव. भिवरानं शिकवण घरातही मोडली नाही. सातव्या महिन्यात पोरीचे ओठ पांढरेफटक पडले, हंडा उचलला की धाप लागायची. पाण्याला गेली की लवकर परतायची नाही. एक दिवस भिवरा मागोमाग आली, तर सगुणा इथंच उभी, दरड खरवडून माती तोंडात टाकत होती.

"अगं, माती कशापायी खातीस?" भिवरानं विचारलं.

सगुणा दचकली नाही. तेवढंही बळ उरलं नव्हतं तिच्यात. "भूक लागती, आत्याबाई," ती म्हणाली. "आन् मातीत कुणाचा वाटा नसतो."

भिवरानं खोलग्याकडे पाहिलं. एवढी माती एकट्या सगुणानं खाल्लेली नव्हती. जिचे जिचे डोळे तिनं मिटले होते, त्या सगळ्या इथं येऊन गेल्या होत्या. आपणच त्यांना इथं धाडलं, हे तिला त्या दिवशी कळलं.

त्या दिवसापासून तिनं लोखंडी कढईत पालेभाजी परतायची, सोबत कुळथाचं कढण आणि नाचणीची भाकरी करायची, आणि नवऱ्याच्या आणि मुलाच्या आधी सगुणाला वाढायचं. सगुणा खायचीही. पण उशीर झाला होता. मूल लहान होतं, सहज झालं, मुलगी झाली. रक्त काही थांबलं नाही. मुलगी तेवढी वाचली.

सगुणाचा तेरावा झाल्यावर भिवरानं इथं येऊन शपथ घेतली म्हणतात: ज्या घरात पोटुशी आधी जेवत नाही, त्या घरात मी नाळ कापणार नाही. लोक चिडले. पाटलाच्या सुनेला पाचवा लागला, तेव्हा भिवरा कढई घेऊन त्यांच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. सून सगळ्यांच्या आधी जेवेपर्यंत आपणही अन्न घ्यायचं नाही, असं ठरवून. तीन दिवस बसली. कुणी समजूत घातली, कुणी शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पाटलाच्या आईनं निमूटपणे सुनेपुढं पहिलं ताट ठेवलं. दुसरी सुईण आणणार कुठून? तेव्हापासून हा खोलगा बोटभरही वाढला नाही, असं सांगतात.

आजही सातव्या महिन्यात सासू सुनेला इथं आणते, लोखंडी कढईतून पोटभर जेवू घालते आणि उरेल ते घरचे खातात. आता दवाखाना आहे, रक्तवाढीच्या लाल गोळ्या मिळतात, तरी ही रीत कुणी सोडलेली नाही. आणि आजही भिवराच्या घरची एक बाई तिच्यासारखीच रोज सकाळी चढून येते आणि दरड तपासते. गेल्या सोमवारी तिला खोलग्यात दोन बोटांच्या ताज्या खुणा दिसल्या. तेव्हापासून ती कढई घेऊन सातही वाड्यांत घरोघर, कोण उपाशी आहे, ते विचारत फिरतेय. अजून जेवलेली नाही.