कुसळवाडीचे पालथे उखळ

सुरुवातीलाच माफी मागायला हवी. हे लिहिणाऱ्याची शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील आणि शब्दही घरातलेच, साधे आहेत. जत्रेच्या पुस्तिकेत दरवर्षी कुणातरी शिकलेल्या माणसाचा लेख असतो. यंदा तो वेळेवर आला नाही, म्हणून हे काम इकडे आले. गोष्ट मात्र लिहिणाऱ्याची नाही. तळ्याकाठच्या देवीचे गुरव किसनतात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगतात. त्यांनी सांगितली तशी उतरवली आहे.

कुसळवाडीच्या तळ्याला बांधाच्या आतल्या अंगाने, अगदी तळाशी, एक जुनी दगडी मोरी आहे. चैत्रात पाणी उतरले की मोरीच्या तोंडावर काळे काहीतरी वर येते. नवख्याला वाटते, म्हैस बसली आहे. जवळ गेल्यावर कळते की ते भलेथोरले उखळ आहे, आणि पालथे घातलेले आहे. त्याला कुणी सुलटे करत नाही. पाहुणे विचारतात, का? तात्या देवळाच्या पायरीवर बसतात, डोक्याची टोपी गुडघ्यावर ठेवतात आणि सुरू करतात.

फार पूर्वी हा मुलूख ज्वारीचा होता. पाऊस बेताचा, जमीन काळी, आणि शाळू थंडीतल्या दवावर निघायचा. तळ्याचे पाणी शेताला लागतच नसे. ते नुसते साठून राहायचे, जमिनीत मुरायचे आणि खालच्या अंगाच्या सहा विहिरींना पाझर द्यायचे. त्या विहिरी म्हणे कुणी कधी आटलेल्या पाहिल्या नव्हत्या. लोक भाकरी खायचे, कण्या शिजवायचे, हुलग्याचे माडगे प्यायचे. त्यात कुणाला काही कमी वाटत नव्हते.

त्या काळी गावाचा अंमल सुभानराव मोकाशांकडे होता. माणूस वाईट नव्हता, असे तात्या आवर्जून सांगतात. तो दूर भाताच्या मुलखात चाकरीला गेला होता. तिथे एका मोठ्या सरदाराच्या पंगतीत तो बसला असताना वाढप्याला कुणीतरी हाक मारली, "अरे, हे कुसळवाडीचे आहेत. यांना भात सोसायचा नाही, भाकरी बघा एखादी शिळी!" सगळी पंगत हसली. सुभानराव खाली मान घालून जेवला. पण ते हसू त्याच्या कानातून गेले नाही. गावी आला तो साळीचे बियाणे घेऊनच. देवीपुढे उभा राहून म्हणाला, "माझ्या गावात यापुढे पाहुण्याच्या पानात भाकरी दिसणार नाही."

तळ्याखालची शाळूची राने मोडून खाचरे केली. मोरीच्या तोंडात ठोकलेला लाकडी दट्ट्या उपसला. पाणी रात्रंदिवस धावू लागले. पहिल्या वर्षी जो भात झाला, तो बघायला म्हणे दहा गावची माणसे आली होती.

साळ आली, तशी ती कांडायला माणसे लागली. मोकाशांच्या अंगणात मोठे उखळ आणवले आणि आठ बाया कांडणाला लावल्या. त्यांची म्होरकी होती धुरपदा. विधवा बाई, उंच, हाडापेराने मजबूत. तिच्या मुसळाचा ठोका चुकत नसे. मोकाशांना तांदूळ मोगऱ्यासारखा पांढरा लागायचा. एकदा कांडून भागत नसे, तीनदा सडावा लागे. दाण्यावर तांबूस रेघ राहिली तर पाटी परत यायची. मजुरी म्हणून बायांना मिळायचा सडताना पडलेला कोंडा. त्यात हुलग्याचे पीठ मिसळून त्या भाकरी थापायच्या.

"तांदूळ त्यांना आणि साल आपल्याला," बाया हसून म्हणायच्या.

"साल तरी आपली आहे," धुरपदा म्हणायची. "मुसळ उचल."

दोन वर्षांत गावाची जीभ बदलली. जमेल त्याने भाताची खाचरे केली. ज्या घरी भाकरी, त्या घरी पोरगी द्यायला लोक कचरू लागले. धुरपदाची लेक मैना मोकाशांच्या कारभाऱ्याच्या घरी सून म्हणून गेली, तेव्हा सगळे म्हणाले, धुरपदाने नशीब काढले. लेकीला दोन्ही वेळ पांढरा भात! धुरपदालाही त्या दिवशी बरे वाटले होते. ती पुढे म्हणायची म्हणे, की आयुष्यात चूक एकच केली, त्या दिवशी हसले.

तिसऱ्या उन्हाळ्यात सहापैकी चार विहिरींचा तळ दिसला. बाया घागर घेऊन दोन कोसांवरच्या ओढ्याला जाऊ लागल्या. आणि त्याच उन्हाळ्यात गावात पायांचे दुखणे आले. आधी मुंग्या यायच्या, मग पावले सुजायची, मग उंबरा ओलांडतानाही धाप लागायची. वैद्याने वारे लागले म्हणून सांगितले. मोकाशांनी देवीला सव्वा मण भाताचा नैवेद्य केला. दुखणे हटेना.

मैनेला सातवा महिना होता. धुरपदा भेटायला गेली तर लेक भिंतीला टेकून बसलेली, पाय पसरलेले, चेहरा मेणासारखा. धुरपदाने तिच्या पावलावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"आये, उठवत नाही गं," मैना म्हणाली.

धुरपदा घरी आली आणि दारात बसून राहिली. समोर तिच्या सात जोडीदारणी कोंड्याच्या भाकरी थापत होत्या. तिने एकेकीला जवळ बोलावले आणि पावले दाबून पाहिली. एकीचाही पाय सुजलेला नव्हता. मग ती मोकाशांच्या पागेत गेली. तिथे घोडी राखणारे मोतद्दार अजून ज्वारीच खात होते, त्यांनाही काही झाले नव्हते. जिथे जिथे पांढरा भात, तिथे तिथे दुखणे. दाण्यावरून जे आपण सडून काढतो, त्यातच काहीतरी आहे, हे त्या अडाणी बाईला उमगले. आणि ते काढणारे हात तिचेच होते.

दुसऱ्या दिवशी फडक्यात चार भाकरी बांधून ती लेकीच्या घरी गेली. विहीणबाई दारातच आडव्या आल्या.

"काय आणलंय?"

"कोंड्याची भाकर. चार दिस खाऊ द्या पोरीला, पाय उतरतील."

"कारभाऱ्याच्या सुनेला कोंडा? आमच्या गोठ्यात टाकते मी तो. तुमच्या पोरीनं सोन्याच्या ताटात पाय ठेवलाय, आणि तुम्हाला परत उकिरडा आठवतोय व्हय?"

"ताट सोन्याचं असंल, विहीणबाई. पोरगी मातीची आहे."

दार लागले. आतून मैनेची हाक आली, तीही अर्धीच.

चार दिवसांनी जत्रा होती. मोकाशांनी त्या सरदाराला त्याच्या माणसांसकट जेवायला बोलावले होते. तोच सरदार, तीच माणसे. पंगतीत नुसता शुभ्र भात वाढायचा होता. शिवाय उन्हाळी भाताची रोपे सुकत होती, म्हणून जत्रेच्याच दिवशी तळ्यात उरलेले शेवटचे पाणी सोडायचा हुकूम होता. ते सुटले असते तर उरलेल्या दोन विहिरीही गेल्या असत्या.

जत्रेची सकाळ उजाडली. साळीच्या पाट्या अंगणात आल्या. बायांनी मुसळे उचलली. धुरपदाने आपले मुसळ खाली ठेवले.

"आज कांडायचं नाही."

"मग काय करायचं, धुरपाक्का?"

"उखळ आडवं पाडा."

आठ बायांनी ते दगडी उखळ आडवे केले आणि चाकासारखे ढकलत नेले. मोकाशांच्या दारातून, बाजारपेठेतून, बांधाच्या उतारावरून. लोकांना वाटले, जत्रेचा काही नवा खेळ आहे. तळ्यात उतरून त्यांनी दट्ट्या मोरीत घट्ट ठोकला, वर उखळ पालथे घातले आणि धुरपदा त्याच्यावर बसली.

सुभानराव आला, मागून पाहुणे आले. अख्खी जत्रा बांधावर गोळा झाली.

"धुरपे, ऊठ. ते उखळ माझं आहे."

"उखळ तुमचंच आहे, सरकार. तळं कुणाचं?"

"पाहुणे दारात आहेत. गावाची अब्रू घालवतेस?"

"गावाची अब्रू त्या सहा विहिरींत होती. तुम्ही ती पानात वाढून घेतलीत. एकेका घासाला घागर घागर पाणी गेलं, आणि खाऊन काय मिळालं? माझी लेक भिंतीला टेकलीय, तिच्यात दुसरा जीव आहे. मी उठत नाही."

मोकाशी म्हणाला, गडी लावून उचलून फेकतो. त्यावर धुरपदा जे बोलली, ते कुसळवाडीतल्या लहान पोरालाही पाठ आहे.

"लावा की! भात खाणारे आठ गडी उतरवा. त्यांनी हे उखळ हलवलं, तर मी गाव सोडते. नाही हलवलं, तर पाऊस पडेपर्यंत मोरी बंद, आणि माझी लेक माझ्या घरी."

पाहुण्यांसमोर नाही कसे म्हणायचे? मोकाशाने आपले आठ शिलेदार पाठवले. मिशीला पीळ घातलेले, रोज पांढऱ्या भातावर पोसलेले. त्यातले दोघे बांध उतरतानाच धापा टाकत खाली बसले. उरलेल्या सहांनी उखळाला हात घातला. त्यांच्या पोटऱ्या धरल्या. एकजण चिखलात बसला तो उठेना. उखळ तसूभर हलले नाही. बांधावरून कुणी बाई ओरडली, "अगं बाई, यांना आधी माडगं पाजा!" आणि जत्रा हसली.

मोकाशाच्या कानात ते जुने हसू पुन्हा वाजले असेल. तो स्वतः खाली उतरला. धुरपदा उखळावरून उतरली, वाकली आणि कुणाला काही कळायच्या आत त्याच्या पावलावर तिने अंगठा दाबला. खड्डा पडला. तो भरून येईना.

"कधीपासनं आहे हे, सरकार?"

त्याने बांधावरच्या पाहुण्यांकडे एकदा पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "दोन महिने झाले."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत."

मग सातजणी पुढे झाल्या. त्यांनी आणि धुरपदाने उखळाखाली मुसळे घातली, ते हातभर बाजूला सरकवले आणि लगेच पुन्हा जागेवर बसवले. एवढेच.

त्या दिवशी पंगतीला भात नव्हताच. बायांनी तळ्याकाठी ज्वारीच्या कण्या शिजवल्या होत्या, हुलग्याचे माडगे होते, ताक होते. सरदार आणि त्याची अर्धी माणसे न जेवता उठून गेली, असे सांगतात. अर्धी बसली. मोकाशी त्यांच्यात बसला आणि पान चाटून पुसून जेवला.

मैनेला त्याच संध्याकाळी खाटेवर घालून आईच्या घरी आणली. सूज उतरायला महिना लागला. पुढे ती दोन्ही पायांवर चालत तळ्यावर पाण्याला आली, तेव्हा तिच्या काखेत मुलगी होती.

काही जण सांगतात की धुरपदा उखळावर बसताच तळे आपोआप भरले. तात्यांना ते पटत नाही. "पाणी असं एका दिवसात येत नसतं," ते म्हणतात. "गेलं तीन वर्षांत, यायला पाच लागली. ती बाई मृगापर्यंत रोज येऊन उखळावर बसायची, हे मात्र खरं. मोकाशांच्या घरचं काम तिला पुन्हा कधी मिळालं नाही. तिनं मागितलंही नाही."

आजही ती खालची मोरी उघडलेली नाही. आजही उखळाची पाठ दिसली की शेताचे पाणी बंद होते आणि मोटारी उचलून घरी नेतात. उरलेले पाणी माणसांचे आणि जनावरांचे. तळ्याच्या पाण्यावर कुणी साळ लावत नाही, ऊसही लावत नाही. चार वर्षांमागे एका पुढाऱ्याने उसासाठी मोटर टाकली होती, तेव्हा गावच्या बाया तीन दिवस त्या मोटारीवर आळीपाळीने बसल्या. जत्रेला पाहुणा कितीही मोठा असो, त्याच्या पानात कण्या, माडगे आणि ताकच पडते. नको असेल त्याने उठून जावे, अशी इथली रीत आहे.

लग्नांत मात्र ही रीत अलीकडे मोडली आहे. तिथे मसालेभात आणि जिरा राईस चालतो. तात्यांनी गोष्ट संपवताना तेवढे सांगितले आणि लिहिणाऱ्याकडे पाहिले, कारण त्याचे लग्न पुढच्या महिन्यात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सायकलवरून होणाऱ्या सासुरवाडीला गेला. चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. ओसरीवर उभ्यानेच त्याने एका दमात सांगितले, की आपल्या लग्नात भात होणार नाही, कण्या होतील, आणि पाहुणे हसले तर हसू देत. सासरे त्याच्याकडे बघतच राहिले. आतून बांगड्या वाजल्या आणि मुलीचा आवाज आला, "ताक घट्ट ठेवा म्हणावं."

चहाला न थांबता तो तसाच आचाऱ्याकडे गेला.