सगुणाचं नाक

माणसाच्या जिभेला मधाची चव लागण्याआधीची ही गोष्ट. एका ऐनाच्या झाडाच्या ढोलीत मधमाश्यांचं राज्य होतं आणि दारावर पहाऱ्याला होती सगुणा. पहाऱ्याची रीत एकच, येणाऱ्याचा वास घ्यायचा. घरच्या मधाचा वास आला तर आत, नाहीतर डंख! आपल्या नाकाचा सगुणाला भारी अभिमान.

एकदा गांधीलमाश्यांनी हल्ला केला. राणीमाशीची झोपच उडाली. तेवढ्यात पलीकडच्या डोंगरातलं अस्वल हात जोडून हजर झालं.

"राणीसाहेब, मी बसतो झाडाखाली. कुणाची बिशाद आहे यायची! मला काय, खाली गळेल तेवढा मध पुरे."

करार झाला. गांधीलमाश्या पुन्हा फिरकल्या नाहीत, पण अस्वलाच्या पाठीला मात्र सारखी खाज सुटू लागली. ते खोडाला पाठ घासायचं, झाड गदगदा हलायचं आणि मध गळायचा. "आपोआप गळतोय, मी काय करू?" म्हणत ते मिशा चाटायचं.

पोळं रिकामं झालं. शेवटी खुद्द राणीच माश्यांना घेऊन लांबच्या रानात फुलं शोधायला गेली.

इकडे पोळ्यात उरलंसुरलं खायला अस्वलानं ढोलीत तोंड घातलं. सगुणानं वास घेतला. नखशिखांत मध!

"या, या. घरचेच तुम्ही!"

संध्याकाळी राणी उपाशीपोटी, धुळीनं माखून परतली. सगुणानं हुंगलं आणि नांगी उगारली.

"कोण गं तू?"

"अगं, मी राणी!"

"असशील. मधाचा वास कुठाय?"

ढोलीतून भरल्या तोंडाचा आवाज आला, "सगुणाबाई, दारातून हलू नका हं! दिवस वाईट आहेत, हल्ली कुणीही घुसतं."