सातव्या ग्रीनचा उतार

"पण चाचा, इथे चेंडू थांबणार तरी कसा? बांधणाऱ्याने काही विचार केला होता की नाही?"

निरंजन देवस्थळी चौथ्यांदा चेंडू आणायला खाली निघाला होता. सातव्या ग्रीनवर, झेंड्याभोवतीच्या त्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, ठेवलेला चेंडू दर वेळी घरंगळत पार बाहेर जात होता.

तो परदेशात गोल्फची मैदानं आखायला शिकून आला होता. छावणीतल्या या नव्वद वर्षांच्या मैदानाची दुरुस्ती क्लबने त्याच्यावर सोपवली होती. सोमवारी यंत्र येऊन हा उतार सपाट करणार होतं. कागदावर त्याची सही तेवढी राहिली होती.

इमामचाचा मुजावरांनी या गवतावर बेचाळीस वर्षं माळीकाम केलेलं. ते उकिडवे बसले. गवतावरून तळहात फिरवला.

"आठ दिवस कापू नका," ते म्हणाले. "मग या."

निरंजनला राग आला. तरी वयाचा मान राखून त्याने यंत्राचं काम पुढे ढकललं.

आठ दिवसांनी दोघे पुन्हा तिथेच आले. गवत जरा वाढलं होतं. चाचा जुन्या दिवसांबद्दल सांगू लागले. तेव्हा दोन माणसं गवत कापायचं हातयंत्र ओढायची, गवत एवढं उंच राहायचंच. खेळणारे चेंडू उंच उडवत नसत. समोरून जमिनीवरूनच आत सोडत, आणि मग काठी टेकून नुसते बघत उभे राहत. कुणी बोलत नसे...

सांगता सांगता चाचा उठले.

मग त्यांनी चेंडू घेतला, वीस पावलं मागे गेले आणि झेंडा सोडून भलत्याच बाजूला, डावीकडच्या उंचवट्याकडे, हातानेच सोडून दिला.

चेंडू चढला. दमला. वळला... आणि मोठा फेरा घेत झेंड्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला.

एवढ्या वर्षांच्या शिक्षणात हे निरंजनला कुणी दाखवलं नव्हतं. सही न केलेला कागद त्याने चार घड्या करून खिशात घातला.

"चाचा," त्याने हळूच विचारलं, "झेंडा इकडे होता. तुम्ही तिकडे काय बघत होतात?"

चाचांनी चेंडू उचलून बाहीला पुसला.

"झेंडा आम्ही रोज सकाळी उपटून दुसरीकडे लावतो, साहेब. जमीन आहे तिथेच असते."