शिवेवरचं टोपलं

फार पूर्वीची नव्हे, कोंबड्यांची लस तालुक्यापर्यंत पोचली होती पण तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. एका ओढ्याच्या अलीकडे एक वाडी होती आणि पलीकडे दुसरी. अलीकडच्या वाडीत ठकूबाई नावाची एक बाई एकटीच राहायची. तिच्याकडे चौदा कोंबड्या होत्या. अंडी विकून तिचं पोट भरायचं.

एक दिवस सकाळी तिने खुराडं उघडलं, तर दोन कोंबड्या बाहेरच आल्या नाहीत. तिसरी आली, पण मान पिळवटून जागच्या जागी गोल फिरू लागली. ठकूबाईने ओळखलं, ही मानमोडी. दुपारपर्यंत पाच कोंबड्या मेल्या.

या रोगावर वाडीचा एक जुना तोडगा होता. ज्या घरी पहिली कोंबडी मरेल, त्या घराने एक आजारी कोंबडी टोपल्यात घालायची, तिला हळदकुंकू वाहायचं, सोबत भाकरी आणि लिंबू ठेवायचं. मग ते टोपलं ओढ्यापलीकडे, दुसऱ्या वाडीच्या शिवेत ठेवून मागे न बघता घरी यायचं. रोग टोपल्यात बसून निघून जातो, अशी समजूत. पलीकडची वाडीही काही मागे नव्हती. त्यांच्याकडे मानमोडी आली की ते टोपलं अलीकडे आणून ठेवत. रोगाला चालायचे कष्ट पडू नयेत, याची काळजी दोन्ही वाड्या मिळून घेत होत्या.

दुपार कलताना वाडीतले जाणते भिवातात्या दारात आले.

"ठकू, पयली मर तुझ्या घरात झाली. दिस मावळायच्या आत टोपलं नेऊन ठेव."

"आन पलीकडच्यांच्या कोंबड्यांचं काय, तात्या?"

"त्यांचं ते बघत्याल. टोपलं गेलं न्हाई आन उद्या आमच्या कोंबड्या मेल्या, तर समदी वाडी तुला बोल लावंल. तुझ्या दारात मग कोण उभं राहणार न्हाई."

एकट्या बाईला हे सांगणं म्हणजे दमच होता. ठकूबाईने मुकाट्याने टोपलं भरलं आणि ती ओढ्याकडे निघाली.

वाटेत तिला तिचं माहेर आठवलं. ती लहान असताना तिथेही शिवेवर असंच एक टोपलं आलं होतं. आठ दिवसांत आईचं खुराडं रिकामं झालं होतं. आई खुराड्यापुढे बसून रडली होती, ते ठकूबाई कधी विसरली नव्हती. गेल्या बाजारी भेटलेला जनावरांचा डॉक्टरही तिला आठवला. तो म्हणाला होता, "मानमोडी झाल्यावर औषध नाही. धडधाकट कोंबडीला आधीच लस टोचली तरच ती वाचते. आणि हा रोग हातापायांना, चपलांना, टोपल्यांना लागून घरोघर जातो." तेव्हा ठकूबाई हसली होती. कोंबडीला कुठे सुई टोचतात, असं म्हणून ती पुढे गेली होती. आता तिला स्वतःचाच राग आला.

ओढ्यापलीकडे साळूबाई म्हणून एक बाई धुणं धूत होती. टोपलं पाहून ती ताडकन उठली.

"ठेवाया आलीस व्हय?"

"आले व्हते," ठकूबाई अलीकडूनच म्हणाली. "पर न्हाई ठेवत. ऐक, आमच्यात मानमोडी आलीया. तुमच्यातलं कुणी इकडं येऊ नका, आमची कोंबडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. उद्याच डाक्टरला आणा आन चांगल्या कोंबड्यांना लस टोचून घ्या."

साळूबाई तशीच ओल्या हातांनी वाडीकडे पळाली.

ठकूबाईने घरामागे खोल खड्डा खणला आणि मेलेल्या कोंबड्या चुना टाकून पुरल्या. टोपल्यातली आजारी कोंबडी बाहेर काढून टोपलं जाळलं, हातपाय धुतले आणि उरलेल्या कोंबड्या कोंडून ठेवल्या. लांबूनच ओरडून तिने वाडीलाही लस टोचून घ्यायला सांगितलं. पण जिने टोपलं नेलं नाही, तिचं कोण ऐकतो?

तिच्या चौदाही कोंबड्या गेल्या. त्यानंतर शेजारच्या गेल्या, मग तात्यांच्या, आणि महिन्याभरात वाडीतली सगळी खुराडी ओस पडली. बोल मात्र एकट्या ठकूबाईला लागला. बायका पाणवठ्यावर तिला बघून पाठ फिरवायच्या. रोज मोलमजुरी करून ती दिवस काढू लागली. संध्याकाळी रिकाम्या खुराड्यापुढे बसली की तिला वाटायचं, आपलं चुकलं तर नाही?

पलीकडे लस टोचायला आलेल्या डॉक्टरने साळूबाईला सांगितलं होतं, की रोग आलेली खुराडी चुना मारून दोन महिने रिकामी ठेवावी लागतात. ते दोन महिने सरले. एरवी अशा वेळी दोन्ही वाड्यांत पीससुद्धा उरलेलं नसायचं. कोंबडी आणायची तर दूरच्या बाजाराला जावं लागायचं.

या खेपेला साळूबाई चार बायकांना घेऊन ओढा ओलांडून आली. प्रत्येकीच्या हातात तलंगा होत्या, अंड्यावर आलेल्या तरण्या कोंबड्या, लस टोचलेल्या. घरटी एक तलंग त्यांनी दिली. ठकूबाईला दोन दिल्या.

तात्यांनी आपली तलंग उलटसुलट करून पाहिली. "मानमोडीच्या वर्साला तुमच्याकडं येवढ्या कोंबड्या राहिल्या कशा?"

"दर साली तुमच्याकडनं रोग यायचा," साळूबाई म्हणाली. "औंदा सांगावा आला."

तात्यांनी तलंग काखेत धरली. मग त्यांनी ठकूबाईकडे वळून विचारलं, "ठकू, त्यो लस टोचनारा डाक्टर कंच्या दिशी येतो गं?"

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: रोग दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवल्याने आपलं दार मोकळं होत नाही. आपण पुढे धाडायची ती सावधगिरीची खबर. शेजारी वाचला, तर आपल्याला पुन्हा उभं करायला कुणीतरी उरतं.