पाच मिलिमीटर

“आणि त्याच्याही खाली?” बुवांनी विचारलं.

“नॅनो.”

“त्याच्या खाली?”

“पिको. मग फेम्टो, ॲटो, झेप्टो, योक्टो, रोंटो. आणि अगदी शेवटी क्वेक्टो.”

निशिकांत खानोलकर हे सगळं एका दमात म्हणून दाखवायचा. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्याची वीस वर्षं गेली होती, आणि बारीक मापांची इंग्रजी नावं म्हणजे त्याची मिरवायची गोष्ट. लहानपणी तो टेकडीवरच्या याच मठात राहून शिकला. पाढे बुवांनीच पाठ करून घेतले. तरी मठाची पायरी चढला, की आता आपण बुवांना चार गोष्टी शिकवाव्यात असं त्याला वाटायचंच.

“बरं झालं,” बुवा म्हणाले. “कुठेतरी संपतं म्हणायचं. पण तू हे सांगायला आला नाहीस.”



निशिकांत अडखळत सांगू लागला. चार वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, वैजयंतीला, दिवस गेले होते. सहाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुगाच्या दाण्याएवढं आहे. घरी पोहोचेपर्यंत वैजयंती त्याचं नाव मुगू ठेवून मोकळी झाली. पुढच्याच आठवड्यात सगळं संपलं. ती “माझा मुगू, माझा मुगू” म्हणून रडत होती, आणि या शहाण्याने तिची समजूत काढायला काय सांगावं? की मुगूबिगू काही नव्हता, एम्ब्रियो होता. पाच मिलिमीटरचा.

त्यानंतर ते नाव तिने याच्यासमोर कधी काढलं नाही. मूग निवडताना तिचे ओठ हलतात. हा स्वयंपाकघरात आला की थांबतात.

“मग तू काय केलंस?”

“मी मूग गिळून बसलो,” निशिकांत बोलून गेला. आपण काय बोललो ते त्याच्याच कानांवर पडलं आणि त्याचा चेहरा उतरला.



“एकदा तरी तिच्या तोंडून ते नाव ऐकायचंय मला. फार वाटतं हो, बुवा. तिच्याजवळ जाऊन काय म्हणू? बरोबर शब्द सांगा.”

“एवढे शब्द तुझ्याकडे, आणि मागायला माझ्याकडे आलास?”

निशिकांतला ते लागलं. तो उठला, वाकून नमस्कार केला आणि अंगणात येऊन चपला घालू लागला. एक पायात गेली, दुसरी काही केल्या जाईना.

“निशू,” बुवांनी ओट्यावरून हाक मारली.

तो वळला.

“आता केवढा झाला असता रे मुगू?”

निशिकांतने तोंड उघडलं. आकडा यायला हवा होता, आला नाही… उजवा हात मात्र आपोआप बाजूला गेला. तळवा जमिनीकडे. आपलं पोर केवढं झालंय ते पाहुण्यांना दाखवताना धरतात तसा तो कमरेच्या जरा खाली येऊन थांबला.

निशिकांत त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग चार वर्षांचं रडू एकदम आलं. डोळे पुसायलासुद्धा त्याने तो हात हलवला नाही.

बुवा ओटा उतरून आले. खाली वाकून त्यांनी दुसरी चप्पल त्याच्या पायाशी सरकवली.

“हात असाच ठेव,” ते म्हणाले. “आणि घरी जा.”