दारातली हलगी

कमल कासारणीने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी धुमाळशेठकडून कर्ज काढलं होतं. मुद्दल फिटलं, व्याज फिटलं, पण शेठचा दंड काही संपेना. शेवटी तिची अब्रू काढायला शेठ हलगीवाला घेऊनच दारात उभा राहिला. हलगी कडाडली, गल्ली गोळा झाली. कमल बांगड्यांच्या पेटीआड तोंड लपवून बसली.

तिने मदतीला बोलावलेल्या ग्राहक मंडळाच्या शरयूताई मात्र ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी शेठला टिळा लावला.

"कमलचा दंड माफ केलात, उपकार झाले."

"मी कधी केला?"

"कर्जदाराच्या दारात वाजवून बेइज्जत करणं गुन्हा आहे, शेठ. तुम्ही काही गुन्हा करायला येणार नाही. म्हणजे ही हलगी आनंदाचीच. का पोलिसांना वेगळं सांगू?"

शेठने गर्दीकडे पाहिलं. "आनंदाचीच," तो पुटपुटला. ताईंनी तिथल्या तिथे दंड माफ केल्याचं लिहून त्याची सही घेतली.

कमलने डोळे पुसत ताईंच्या हातात डझनभर बांगड्या भरल्या. मग हलगीवाल्याकडे वळून म्हणाली, "दादा, आता मनापासून वाजव. पैसे शेठनी दिलेतच."