कोणत्या ओळी गाळू?

त्या वर्षी सोनवडी संस्थानात पाऊस झालाच नाही. गढूळ पाणी पिऊन माणसं दगावत होती आणि राजेसाहेबांच्या बागेत कारंजी उडत होती.

देवळात येसूअक्का पुराणिक रोज संध्याकाळी एक जुनं काव्य वाचून त्याचा अर्थ सांगत. त्यातला राजा प्रजा तहानेने तडफडत असताना आपल्या हंसांसाठी तळं राखून ठेवतो. ते ऐकताना बायका तोंडाला पदर लावून रडत. नाव कुणीच कुणाचं घेत नसे.

बातमी राजवाड्यावर गेली. राजेसाहेबांनी अक्कांना भर दरबारात बोलावलं.

"बाई, पोथीच्या आडून आमची निंदा चालवलीय तुम्ही. आमच्याविषयीच्या ओळी उद्यापासून वाचायच्या नाहीत!"

अक्कांनी पोथी उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "जशी आज्ञा, सरकार. पण हे लिहिलं गेलं तेव्हा आपले पणजोबासुद्धा जन्मले नव्हते. मला यात सरकार कुठेच दिसत नाहीत. आपल्याला दिसले असतील, तर त्या ओळींवर बोट ठेवा. तेवढ्या गाळते."

राजेसाहेबांचा हात पोथीपर्यंत गेला. सगळा दरबार त्या बोटाकडे बघत होता. हात तसाच मागे आला.

"जा. वाचा काय वाचायचं ते," ते पुटपुटले.

बाहेर आल्यावर म्हातारे कारभारी हळूच म्हणाले, "अक्का, जिंकलात!"

"कसली जिंकले, कारभारी?" अक्कांनी पोथी फडक्यात गुंडाळली. "एवढी जुनी पोथी, आणि तिच्यातली एकही ओळ अजून जुनी झालेली नाही. बायका उगाच रडतात होय?"